जुने दिवाळी अंक जमवायला सुरुवात करताय? आधी हे वाचा

यंदाचे दिवाळी अंक वाचून संपतात, वाचनाची भूक मात्र भागत नाही. मग जुन्या अंकांकडे लक्ष जातं. कुणाला आवडत्या लेखकाची कथा जिथे पहिल्यांदा छापली गेली तो अंक हवा असतो, कुणाला चित्रकार दलालांचं मुखपृष्ठ, कुणाला ‘आवाज’च्या खिडक्या. हौस भरपूर असते, पण माहिती एका जागी मिळत नाही. काय घ्यावं, कुठे शोधावं, पानं पुरी आहेत हे कसं ओळखावं, पावसाळ्यात कागद कसा जपावा, हे सगळं ज्याला त्याला विचारत शिकावं लागतं. मीही तसंच शिकत आले. तुमची ती पायपीट थोडी वाचावी म्हणून हा लेख.

१९०९ साली काशिनाथ रघुनाथ आजगावकर, म्हणजेच का. र. मित्र, यांनी ‘मनोरंजन’ मासिकाचा दिवाळी अंक काढला, तिथून ही परंपरा सुरू झाली असं मानतात. तेव्हापासून दर दिवाळीला अंक निघत आले आणि आता एकेका वर्षी शेकडो निघतात. कथा, कविता, व्यंगचित्रं, रंगीत चित्रं, शब्दकोडी, वार्षिक राशिभविष्य आणि जाहिराती हे सगळं एकाच बांधणीत असतं. पुस्तकात कथा मिळते, पण ती कुठल्या चित्रासोबत, कुठल्या जाहिरातीशेजारी, कुणाच्या कवितेनंतर वाचली गेली ते मिळत नाही. त्यासाठी अख्खा अंकच हातात घ्यावा लागतो. माझा सगळा सल्ला या एका गोष्टीवर उभा आहे: अंक पूर्ण असावा, पूर्ण वाचावा आणि पूर्ण जपावा.

१. आधी एक धागा धरा

‘सगळेच जमवू’ हा विचार मनात आला असेल तर सोडून द्या. घर भरतं, पैसे जातात आणि वाचून काहीच होत नाही. एक धागा धरा, त्याच्या मागे जा, बाकीचं आपोआप सापडत जातं.

चित्रांचा धागा सगळ्यात देखणा. दीनानाथ दलाल आणि रघुवीर मुळगावकर हे दोघेही मूळचे गोव्याचे आणि दोघांनीही मराठी मुखपृष्ठावर राज्य केलं. दलालांनी १९४५ मध्ये स्वतःचा ‘दीपावली’ काढला. तो पाहताना रेषेकडे लक्ष द्या. दोन-चार फटकाऱ्यांत मान वळलेली असते, पदर उडालेला असतो. मुळगावकरांचं काम वेगळं. स्प्रेने रंग फवारून ते त्वचेवर, दागिन्यांवर, देवादिकांच्या प्रभावळीवर अशी मुलायम छटा आणत की ब्रशचा माग सापडत नाही. दोघांचे अंक शेजारी शेजारी ठेवून बघा, पुढे सही न बघताही कोणाचं काम ते ओळखू येईल.

विनोदाचा धागा धरलात तर ‘आवाज’ला पर्याय नाही. मधुकर पाटकरांनी १९५१ मध्ये तो सुरू केला आणि त्यातली खिडकीचित्रं घराघरात पोचली. पानाला कापलेल्या चौकोनातून आतल्या चित्राचा तेवढाच तुकडा दिसतो, तो बघून मनात भलतंच काहीतरी येतं. पान उलटावं तर चित्र अगदी साळसूद निघतं. चावटपणा चित्रात नसतोच, तो बघणाऱ्याच्या डोक्यात तयार होतो, आणि हे इतक्या नेमकेपणाने साधायला चित्रकाराला दोन्ही पानांचं माप चोख जुळवावं लागतं. दुसरीकडे शि. द. फडणीसांची ‘मोहिनी’वरची मुखपृष्ठं. त्यांत एक शब्द नाही, तरी माणूस खुदकन हसतो. वसंत सरवट्यांची ‘ललित’च्या दिवाळी अंकांवरची चित्रं साहित्यविश्वालाच चिमटे काढतात. ती समजायला त्या वर्षीची वाङ्मयीन भांडणं थोडी माहीत असावी लागतात, आणि ती शोधून काढण्यातही मजा आहे. हरिश्चंद्र लचके, वसंत हळबे, प्रभाकर ठोकळ, ज्ञानेश सोनार, मंगेश तेंडुलकर ही नावंही टिपून ठेवा. जुन्या अंकात ती वारंवार भेटतात.

लेखकाच्या मागे जायचं असेल तर ‘मौज’, ‘हंस’, ‘दीपावली’, ‘किस्त्रीम’ हे अंक बघा. ‘किर्लोस्कर’, ‘स्त्री’ आणि ‘मनोहर’ या तीन मासिकांच्या नावांतून ‘किस्त्रीम’ हे नाव तयार झालं. ‘सत्यकथा’ हे मासिक १९८२ मध्ये बंद पडलं, त्यामुळे त्याचे अंक मर्यादित आहेत आणि मागणी भरपूर. या धाग्यात एक वेगळा आनंद असतो. अंकातली कथा आणि नंतर संग्रहात आलेली कथा शब्दाला शब्द सारखी असेलच असं नाही. लेखकाने शेवट बदललेला असतो, एखादा परिच्छेद गाळलेला असतो, कधी शीर्षकच वेगळं असतं. दोन्ही शेजारी ठेवून वाचलं की लेखकाचा हात चालताना दिसतो.

मुलांच्या अंकांचा धागाही आहे. बालभारतीचं ‘किशोर’ १९७१ मध्ये सुरू झालं आणि त्याचे जुने अंक बालभारतीने संकेतस्थळावर मोफत वाचायला ठेवले आहेत. पैसा न घालवता सवय लावून घ्यायची असेल तर तिथून सुरुवात करा.

पण अगदी नव्या माणसाला मी वेगळाच धागा सुचवते: एक वर्ष निवडा. स्वतःच्या जन्माचं, आईबाबांच्या लग्नाचं, कुठलंही. त्या एकाच दिवाळीचे पाच-सहा वेगवेगळे अंक मिळवा. गंभीर, विनोदी, रहस्यकथांचा, बायकांचा, मुलांचा. मराठी माणूस त्या वर्षी काय वाचत होता, कशावर हसत होता, कुठलं तेल केसांना लावत होता हे समोर येतं. शोधाला हद्द राहते, खर्चालाही.

२. जवळ काय असावं

फार काही लागत नाही, पण जे लागतं ते आधी घेऊन ठेवा.

– दहापट मोठं दाखवणारं छोटं भिंग
– मोबाइलचा टॉर्च
– मऊ केसांचा रुंद ब्रश, चित्रकलेचा नवा कोरा चालतो
– मऊ शिशाची पेन्सिल (अंकावर पेनाने काहीही लिहायचं नाही)
– अंकापेक्षा थोडे मोठे पुठ्ठे आणि जाड प्लास्टिकची पिशवी, म्हणजे आणताना कोपरे दुमडत नाहीत
– हवे असलेल्या आणि जवळ असलेल्या अंकांची यादी, मोबाइलमध्ये
– सुटे पैसे

ग्रंथालयासाठी: ओळखपत्र, पत्त्याचा पुरावा, दोन फोटो, अनामत रक्कम. संदर्भ विभागात जुने अंक बघायचे असतील तर काही ठिकाणी अर्ज किंवा महाविद्यालयाचं, नाहीतर ओळखीच्या सभासदाचं पत्र मागतात. जाण्याआधी फोन करून विचारा. जुने अंक बहुतेक वेळा वेगळ्या कपाटात किंवा वेगळ्या इमारतीत असतात आणि ते काढून द्यायला माणूस हजर असावा लागतो.

३. विकत घेण्याआधी ग्रंथालयात बसा

ही पायरी बहुतेक जण गाळतात, आणि मग अर्धवट अंकांना पूर्ण अंकाचे पैसे मोजतात. अंक पूर्ण असतो म्हणजे कसा असतो, हे आधी डोळ्यांना कळायला हवं.

मुंबईत मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय (१८९८), ठाण्यात मराठी ग्रंथसंग्रहालय (१८९३), पुण्यात पुणे नगर वाचन मंदिर (१८४८), पणजीत कृष्णदास शामा राज्य मध्यवर्ती ग्रंथालय (१८३२) ही जुनी नावं. तालुक्याच्या गावातल्या सार्वजनिक वाचनालयालाही कमी लेखू नका. तिथल्या माळ्यावर कधीकधी असे अंक निघतात की मोठ्या शहरातही मिळू नयेत.

काउंटरवर ‘जुने दिवाळी अंक आहेत का?’ एवढंच विचारलंत तर ‘गेल्या वर्षीचे संपले’ असं उत्तर येईल. ‘बांधीव नियतकालिकं बघायची आहेत, अमुक सालापासून’ असं विचारा. हातात आलं की तीन गोष्टी लिहून घ्या: अंकाची एकूण पानं, रंगीत चित्रं किती आणि कुठल्या पानांसमोर, आणि मुखपृष्ठ-मलपृष्ठावर काय आहे. ही टिपणं पुढे रद्दीच्या दुकानात उभं असताना सोन्यासारखी उपयोगी पडतात. फोटो काढायचा असेल तर विचारून काढा, फ्लॅश बंद ठेवून.

नव्या अंकांसाठीही वाचनालयासारखी सोय नाही. बऱ्याच वाचनालयांत दिवाळीनंतर खास योजना असते: ठरावीक रक्कम भरली की पुढचे काही महिने आलेले सगळे अंक एकेक करून घरी न्यायला मिळतात. आधी वाचा, ज्यावर जीव जडेल तोच विकत घ्या.

४. यंदाचे अंक

इथे थोडक्यात सांगते. अंक नवरात्रापासून यायला लागतात आणि वसुबारसेपर्यंत बहुतेक बाजारात असतात. विक्रेते आधी नोंदणी घेतात आणि संच घेतला तर सवलत देतात. संच घेताना यादी नीट वाचा. चार हव्या असलेल्या अंकांबरोबर तीन नको असलेले गळ्यात पडत असतील तर सुटे घेतलेले परवडतात. पुण्यात अप्पा बळवंत चौक आणि मुंबईत दादर इथे दुकानात उभं राहून चाळता येतं. मुखपृष्ठ न पाहता अंक घेणं मला पटत नाही, म्हणून शक्य असेल तर प्रत्यक्ष जा.

परदेशात राहणाऱ्यांना टपालखर्च अंकाच्या किमतीहून जास्त पडतो. तिथल्या महाराष्ट्र मंडळातल्या चार-सहा घरांनी मिळून एक पार्सल मागवावं आणि अंक आपसांत फिरवावेत. काही अंकांच्या ई-आवृत्त्या मिळतात. वाचायला त्या उत्तम, पण ‘आवाज’ची खिडकी पडद्यावर उघडण्यात काही अर्थ नाही.

५. जुने अंक कुठे सापडतात

रद्दीचं दुकान हा पहिला पत्ता, आणि वेळ साधली तर सगळ्यात चांगला. नवरात्राच्या आधीचे दोन-तीन आठवडे घरोघरी आवराआवर चालते. माळे रिकामे होतात, वर्षानुवर्षं बांधून ठेवलेले गठ्ठे रद्दीत जातात. त्या दिवसांत रोज चक्कर मारा. दुसरी वेळ म्हणजे आसपासच्या जुन्या इमारती पुनर्विकासाला जातात तेव्हा. गिरगाव, दादर, पार्ले, डोंबिवली, पुण्यातल्या पेठा, कुठेही सामान हलायला लागलं की आजोबांच्या कपाटातली मासिकं खाली येतात.

रद्दीवाल्याशी नातं जोडावं लागतं. ‘दादा, मासिकांचा गठ्ठा आला तर फोडायच्या आधी मला एक फोन कराल? वजनाच्या भावापेक्षा जास्त देईन’ असं सांगा, नंबर लिहून द्या आणि फोन आला की हातातलं काम सोडून जा. पहिल्या बोलावण्याला तुम्ही दुसऱ्या दिवशी गेलात तर तिसरा फोन येत नाही. गठ्ठ्यातले नको असलेले अंक नीट परत रचून ठेवा. चांगली वागणूक लक्षात राहते.

जुन्या पुस्तकांचे फुटपाथवरचे विक्रेते, मुंबईत फोर्ट आणि माटुंग्याकडचे, हा दुसरा पत्ता. त्यांना माल कळतो, त्यामुळे भाव रद्दीचा राहत नाही. पण त्यांची स्मरणशक्ती अफाट असते. तुमचा धागा काय आहे ते एकदा सांगून ठेवलं की पुढच्या खेपेला गाठीतून अंक निघतो.

वाचनालयं कधीकधी जीर्ण अंक निकाली काढतात. त्यांच्या फलकावर लक्ष ठेवा. अशा अंकांवर शिक्के असणारच. निकाली काढल्याचा शिक्का किंवा पावती मात्र मागून घ्या, म्हणजे अंक रीतसर तुमच्याकडे आला याचा पुरावा राहतो. शिक्के आहेत पण कागद काही नाही असा अंक तिसऱ्याच माणसाकडून स्वस्तात मिळत असेल तर मी तो घेत नाही.

आणि नातेवाईक. लग्नकार्यात भेटलेल्या प्रत्येक मावशी-काकांना सांगून ठेवा. ‘अगं, परवाच सगळे देऊन टाकले’ हे उत्तर ऐकण्यापेक्षा आधी सांगितलेलं केव्हाही चांगलं.

६. हातात आला की असा तपासा

ही पायरी सावकाश करा. विक्रेता घाई करत असेल तरी करा.

मुखपृष्ठ आहे का, आणि ते याच अंकाचं आहे का? जुन्या अंकांची मुखपृष्ठं सुटतात आणि दुसऱ्याच अंकाला चिकटवली जातात. आतल्या श्रेयनामावलीत मुखपृष्ठकाराचं नाव असतं, ते चित्रावरच्या सहीशी जुळवून बघा.

अनुक्रमणिका उघडा आणि शेवटच्या मजकुराचा पान क्रमांक बघा. मग मागून पानं मोजा. शेवटची पानं गळालेली असण्याची शक्यता जास्त, कारण राशिभविष्य बहुधा तिथेच असतं आणि ते पान फाडून देवघराशेजारी अडकवायची पद्धत बऱ्याच घरांत होती.

आता बांधणीच्या घळीत, म्हणजे दोन पानं शिवणीपाशी मिळतात त्या खाचेत, टॉर्च मारा. रंगीत चित्राचं पान कापून नेलेलं असेल तर आत बोटभर रुंदीची कागदाची पट्टी उरलेली दिसते. देवांची, नायिकांची सुंदर चित्रं लोकांनी काढून चौकटीत लावली. त्यांत वाईट असं काही नाही, पण अंक अपुरा झाला. रंगीत चित्रांच्या पानांना पुष्कळदा क्रमांक नसतात, त्यामुळे पानं मोजून ही चोरी पकडता येत नाही. घळच बघावी लागते.

‘आवाज’ असेल तर प्रत्येक खिडकी उघडून बघा. खिडकीच्या कडा हाताळून हाताळून फाटतात. कुणी चिकटपट्टीने जोडलेल्या असतात, कुणी वैतागून आख्खं पान काढलेलं असतं. खिडकीमागचं चित्र चौकोनात नेमकं बसतंय का ते बघा. बसत नसेल तर मधलं एखादं पान गेलेलं असू शकतं किंवा पुन्हा शिवताना पान सरकलेलं असतं.

बांधीव खंड घेताना खास जपा. बाइंडर सहा-आठ अंक एकत्र शिवताना मुखपृष्ठं आणि जाहिरातींची पानं काढून टाकायचे, कडाही कापायचे. खंड भरदार दिसतो, पण आत अंकाचा गाभा तेवढा असतो. नुसत्या वाचनासाठी असे खंड स्वस्त आणि चांगले. चित्रांसाठी जमवत असाल तर हात जोडून परत द्या.

शेवटी वास घ्या आणि पानं झटका. कुबट वास म्हणजे बुरशी. बारीक भुसा पडला किंवा आरपार बारीक भोकं दिसली तर किडे आत आहेत असं समजा. पेन्सिलने सोडवलेलं शब्दकोडं, समासात लिहिलेला ‘छान!’ असा शेरा, पहिल्या पानावर नाव आणि साल, हे दोष मानू नका. कुठल्या घरात तो अंक कसा वाचला गेला त्याची ती नोंद आहे. खोडरबर लावू नका.

७. साल सापडत नसेल तर

मुखपृष्ठ आणि पहिलं पान गेलं की सालही जातं. विक्रेता ‘साठच्या आधीचा आहे’ म्हणतो आणि आपण मान डोलावतो. तसं करायची गरज नाही, अंकातच पुरावे भरलेले असतात.

कुठे शके छापलेलं असेल तर काम सोपं. दिवाळीच्या दिवसांत शकात ७८ मिळवले की इसवी सन मिळतं. शके १८७५ म्हणजे १९५३ ची दिवाळी. ‘वर्ष अमुकवे’ असं असेल आणि अंक कधी सुरू झाला ते ठाऊक असेल तर त्यावरूनही हिशेब होतो, मात्र मध्ये खंड पडला होता का ते तपासून घ्या.

जाहिरातींतल्या किमती बघा. १ एप्रिल १९५७ ला दशमान नाणी आली. फक्त आणे असतील तर अंक बहुधा त्याआधीचा. ‘न. पै.’ म्हणजे नवे पैसे दिसले तर १९५७ ते १९६३ च्या दिवाळ्या, कारण जून १९६४ पासून ‘नवे’ हा शब्द गळाला. जुन्या सवयीने तो छापणारे असतीलच, म्हणून एकाच जाहिरातीवर विसंबू नका, तीन-चार बघा.

पत्ते बघा. ‘मुंबई ४’, ‘पुणे ३०’ असे आखूड क्रमांक जुने. सहा आकडी पिन कोड १५ ऑगस्ट १९७२ पासून आला, त्यामुळे ‘४०० ००४’ दिसलं की अंक त्यानंतरचा हे पक्कं. उलट मात्र धरू नका, कारण आखूड पत्ते लोक पुढेही बरीच वर्षं लिहीत राहिले. ‘महाराष्ट्र शासन’ असा उल्लेख असेल तर १ मे १९६० नंतरचा. महाराष्ट्र राज्य लॉटरीची जाहिरात असेल तर १९६९ किंवा पुढचा. मुंबई दूरदर्शन ऑक्टोबर १९७२ मध्ये सुरू झालं, तेव्हा टीव्हीवरचे विनोद आणि व्यंगचित्रं दिसायला लागली की बहुधा सत्तरच्या दशकात आलात.

असे तीन पुरावे एकमेकांशी जुळले की पेन्सिलने आतल्या कोपऱ्यात साल लिहा आणि पुढे प्रश्नचिन्ह ठेवा. ग्रंथालयातली प्रत बघून खात्री पटली की प्रश्नचिन्ह पुसा.

८. किंमत आणि फसगत

ठरलेला भाव असा काही नाही. मुखपृष्ठ कुणाचं, अंक पूर्ण आहे का, आणि समोरच्याला तुमची किती ओढ दिसते, यावर किंमत ठरते. म्हणून ओढ थोडी आवरा. ‘दुर्मिळ’ हा शब्द विक्रेत्याच्या तोंडी आला की विचारा: कशामुळे दुर्मिळ? उत्तर नीट आलं तर पुढे बोला.

महागड्या अंकाचं मुखपृष्ठ भिंगाखाली धरा. जुनी छपाई ब्लॉकवरून, म्हणजे धातूच्या ठशावरून झालेली असते. रंगाचे ठिपके दिसतात, ठिपक्याच्या कडेला शाई किंचित गडद असते, कधी एक रंग केसभर सरकलेला असतो आणि पानाच्या मागून बोट फिरवलं तर टाइपाचा दाब हाताला लागतो. रंगीत झेरॉक्सवर असं काही नसतं, उलट तिरप्या उजेडात पृष्ठभाग सगळीकडे सारखाच चकाकतो. झेरॉक्स मुखपृष्ठ लावलेला अंक घ्यायला हरकत नाही, पण तसं सांगून आणि त्या किमतीत मिळाला तर.

ऑनलाइन घेताना मुखपृष्ठाच्या एका फोटोवर पैसे पाठवू नका. अनुक्रमणिका, शेवटचं पान, घळ आणि पाठ, एवढे फोटो मागा. खरा विक्रेता देतो. दोन पुठ्ठ्यांच्या मध्ये, प्लास्टिकमध्ये गुंडाळून पाठवायलाही आधीच सांगा.

सुरुवातीला महिन्याची एक रक्कम ठरवा आणि ती ओलांडू नका. जो अंक आज हातचा गेला तो पुन्हा कुठेतरी भेटतो.

९. घरी आणल्यावर

नवा आलेला जुना अंक सरळ कपाटात ठेवायचा नाही. त्याला बंद पिशवीत दोन आठवडे वेगळा ठेवा. पिशवीत भुसा पडला तर किडा जिवंत आहे. अशा वेळी अंक पूर्ण कोरडा असल्याची खात्री करून, हवा काढलेल्या घट्ट बंद पिशवीत घालून फ्रीझरमध्ये उणे १८ अंशांवर दोन आठवडे ठेवतात. बाहेर काढल्यावर पिशवी उघडायची घाई नको. चोवीस तास तशीच ठेवा, म्हणजे बाहेरचं दव कागदावर न बसता पिशवीवर बसतं.

स्वच्छता कोरडीच. गॅलरीत बसून, तोंडाला मास्क लावून, ब्रशने घळीकडून बाहेरच्या बाजूला झाडा. ओलं फडकं, सॅनिटायझर, अत्तर यांतलं काहीही नको. हात धुऊन पूर्ण कोरडे करून हाताळा. कापडी हातमोज्यांनी बोटांचा अंदाज जातो आणि ठिसूळ पान तुटतं.

जुन्या पिनांना गंज चढतो आणि तो कागद खातो. पिना पातळ चिमट्याने मागून सरळ करून हलकेच काढा आणि त्याच भोकांतून सुती दोरा घालून बांधा. जमेल असं वाटत नसेल तर बाइंडरकडे द्या, पण ‘कडा कापू नका, मुखपृष्ठ काढू नका, फेव्हिकॉल लावू नका’ हे तीनदा सांगा आणि चिठ्ठीवर लिहूनही द्या.

चिकटपट्टी हा जुन्या कागदाचा सगळ्यात मोठा शत्रू. काही वर्षांत ती पिवळी पडते, गोंद झिरपतो आणि डाग कायमचा राहतो. फाटलेलं पान जोडायला पातळ जपानी टिश्यू आणि गव्हाच्या स्टार्चची खळ वापरतात. ते शिकेपर्यंत फाटलेलं पान तसंच नीट मिटून ठेवा. लॅमिनेशन तर कधीच नको, ते काढता येत नाही.

जुन्या स्वस्त कागदात लाकडातला लिग्निन नावाचा घटक असतो, उजेड आणि हवा लागली की तो पिवळा होतो आणि कागद ठिसूळ करतो. हे पूर्ण थांबवता येत नाही, पण हळू करता येतं. अंक उन्हापासून दूर ठेवा, बाहेरच्या भिंतीला लागून असलेल्या कपाटात ठेवू नका, आणि कोकणात, गोव्यात, मुंबईत राहत असाल तर खालचा कप्पा रिकामा सोडा. ब्राऊन पेपरची कव्हरं घालू नका, त्यातलं आम्ल अंकात उतरतं. पॉलिप्रॉपिलीनच्या पिशव्या चालतात, पीव्हीसीच्या नाहीत. पिशवीचं तोंड थोडं उघडं ठेवा. पावसाळ्यात कपाटात ओल शोषणारं सिलिका जेल ठेवा आणि महिन्यातून एकदा कोरड्या दिवशी दार उघडून हवा खेळू द्या. डांबरगोळ्यांचा वास वर्षानुवर्षं जात नाही आणि त्या आरोग्यालाही बऱ्या नाहीत.

१०. नोंद ठेवा

अंकाचं नाव, साल, संपादक, मुखपृष्ठकार, आतले चित्रकार आणि व्यंगचित्रकार, पानं, काय कमी आहे, कुठून आणि केव्हा मिळाला, एवढे रकाने पुरेत. त्यात एक रकाना ‘वाचला का?’ असाही घाला आणि तो रिकामा दिसला तर नवा अंक घेऊ नका. मी अनुक्रमणिकेचा फोटो नोंदीला जोडून ठेवते. कुणी विचारलं की अमुक लेखकाची कथा आहे का, तर कपाट उघडावं लागत नाही.

११. वाचायचं कसं, आणि द्यायचं-घ्यायचं कसं

जुना अंक उघडून थेट नावाजलेल्या कथेवर जाऊ नका. पहिल्या पानापासून सुरू करा, जाहिरातीसकट. संपादकीय वाचा, कवितेसोबतची रेखाटनं बघा, कोपऱ्यातली छोटी व्यंगचित्रं सोडू नका. नाव कधीच न ऐकलेल्या लेखकाची एखादी कथा अशी लागते की दोन दिवस ती डोक्यातून जात नाही. त्या माणसाचं पुढे काय झालं, पुस्तक निघालं का, हे शोधायला लागलात की नवा धागा हातात आला.

आपल्यासारखे वेडे शोधा. साहित्य संमेलनातल्या ग्रंथप्रदर्शनात, पुस्तक आदानप्रदानाच्या उपक्रमांत, वाचनालयाच्या संदर्भ विभागात ते हमखास भेटतात. अदलाबदल करताना पाळायचं ते एवढंच: अंकातली उणीव आधी सांगायची, उसना अंक ठरल्या तारखेला परत द्यायचा, आणि दुसऱ्याने राखून ठेवलेल्या गठ्ठ्यावर डोळा ठेवायचा नाही.

मुखपृष्ठाचा एखादा फोटो मित्रांना दाखवणं वेगळं आणि अख्खा अंक स्कॅन करून वाटणं वेगळं. भारतीय कायद्यानुसार लेखकाच्या आणि चित्रकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षं हक्क राहतात. दलाल १९७१ मध्ये गेले, त्यांच्या चित्रांवरचे हक्क २०३१ अखेरपर्यंत आहेत. कथेच्या अभ्यासासाठी कुणाला दोन पानं हवी असतील तर द्या, पण पूर्ण अंकाची फाइल फिरवू नका. कित्येक अंक आजही निघतात, त्यांचे संपादक आणि लेखकांचे वारस सापडतात. पत्र किंवा फोन करून विचारलंत तर बहुतेक जण आनंदाने परवानगी देतात, आणि कधीकधी घरातली जादाची प्रतही देतात.

आणि शेवटचं काम: हा सगळा साठा पुढे कुणाकडे जायचा ते लिहून ठेवा. घरातल्या एकाला यादी दाखवा, कुठल्या ग्रंथालयाला काय द्यायचं ते सांगा, आणि त्या ग्रंथालयाला ते हवं आहे का हे आधी विचारून घ्या. जागेअभावी बऱ्याच संस्था सरसकट गठ्ठे घेत नाहीत. तुमची यादी समोर ठेवली तर त्यांच्याकडे नसलेले अंक त्या नेमके निवडून घेतात.